नाव घ्यायचं की नाही, हे आपण ठरवायचं नसतं

पुण्यात पत्रकारिता शिकून मेलबर्नला आलेल्या एका तरुण वार्ताहराचा प्रश्न आहे. ती मराठी वाचकांसाठी ऑस्ट्रेलियातल्या बातम्या लिहिते. पोलिसांच्या ताब्यात मरण पावलेल्या एका ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी समाजातल्या, तरुणाची बातमी करताना तिला दिसलं, की इथल्या वाहिन्या आधी एक सूचना दाखवतात, नाव अर्धंच घेतात, फोटो एका ठिकाणी असतो तर दुसऱ्या ठिकाणी नसतो. तिने विचारलंय : नियम नेमका काय? सूचना टाकली की काम झालं का? आणि मराठीत हे सगळं कोणत्या शब्दांत लिहायचं?

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. नाही, सूचना टाकली की काम होत नाही. ‘या मजकुरात मृत व्यक्तीचं नाव किंवा चित्र आहे’ ही ओळ वाचणाऱ्याला सावध करते, एवढंच. ते नाव, ते चित्र वापरायला तुम्हाला कुणी हो म्हटलंय का, याच्याशी तिचा काही संबंध नाही. दारावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावली म्हणून कुत्रा मोकळा सोडायची मुभा मिळत नाही, तसंच हे.

मी साताऱ्यात जिल्हा आवृत्तीत सहा वर्षं काढली आणि मग नॉर्दर्न टेरिटरीत आलो. रेडिओ आणि नंतर डिजिटल डेस्क, दोन्ही केलं. आल्या आल्या, पहिल्याच वर्षी एक चूक केली. रविवारची दुपार होती, कार्यक्रमात दहा मिनिटांची जागा रिकामी होती, आणि जुन्या ध्वनिफितींत मला एका वृद्ध बाईंची सुरेख मुलाखत सापडली. पाणवठ्यांबद्दल बोलत होत्या. नाव घ्यायचं नाही एवढं मला शिकवलं होतं, म्हणून निवेदनात नाव घेतलं नाही. स्वतःवर खूश होतो. चार मिनिटांनी स्टुडिओचा फोन वाजला. पलीकडून एक बाई फक्त एवढंच म्हणाली, ‘बंद कर ते.’ ती त्यांची मुलगी होती. महामार्गावर गाडी चालवत होती, मागे लहान मुलं होती, आणि दीड महिन्यापूर्वी गेलेली आई अचानक गाडीत बोलायला लागली होती. गाडी बाजूला घेऊन तिने फोन केला होता. मी फेडर खाली ओढला आणि गाणं लावलं. कोणतं गाणं ते आजही आठवत नाही, पण तिच्या आवाजाच्या मागे रडणारं मूल आठवतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही : प्रश्न फक्त नावाचा नाही. नाव, चेहरा, आवाज, काही ठिकाणी त्या माणसाने गायलेलं गाणंसुद्धा. अनेक ॲबोरिजिनल समाजांत, विशेषतः मध्य आणि उत्तर ऑस्ट्रेलियात, माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव उच्चारत नाहीत. कुठे काही महिने, कुठे काही वर्षं. मृताचा आत्मा आपल्या मार्गाने जावा, नावाने हाक मारून त्याला अडवू नये, आणि मागे राहिलेल्यांची जखम पुन्हा पुन्हा उघडू नये, अशा दोन्ही भावना त्यामागे सांगितल्या जातात.

मराठी वाचकाला हे वाटतं तितकं परकं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आपल्या आज्यांनी उखाण्यांचं अख्खं शास्त्र उभं केलं. सासऱ्याचं नाव नातवाला ठेवलं की सून त्याला त्या नावाने कधीच हाक मारायची नाही, मग तो आयुष्यभर ‘बाळासाहेब’ किंवा ‘अण्णा’ म्हणूनच ओळखला जायचा. कारणं वेगळी आहेत, तुलना फार ताणू नका. पण नाव तोंडातून न काढणं हा अबोला नसून मान असू शकतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

नाव टाळायचं म्हटल्यावर पर्यायी नाव लागतं. वार्लपिरी लोकांमध्ये आणि आसपास ‘कुमनजयी’ म्हणतात, आरर्न्टे भाषेत त्याचंच रूप ‘क्वेमेन्च्याय’, दक्षिणेकडे पित्जनत्जत्जरा लोकांत ‘कुन्मानारा’. अर्थ साधारण एकच : ज्याचं नाव आता घेत नाहीत तो किंवा ती. आणि हे नाव फक्त मृतालाच लागत नाही. त्याच नावाची जी जिवंत माणसं असतात, त्यांनाही तेवढ्या काळापुरतं कुमनजयी म्हणतात. ॲलिस नावाची कुणी गेली तर ॲलिस स्प्रिंग्ज या गावाचा उल्लेखही लोक वळसा घालून करतात. गावाचं आरर्न्टे नाव ‘म्पार्न्त्वे’ आहेच, ते वापरतात.

आता हे माहीत नसलं की डेस्कवर काय होतं ते सांगतो. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी युएंदुमू इथे, म्हणजे ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, १९ वर्षांच्या एका वार्लपिरी तरुणाला घरात अटक करताना पोलिसाने गोळ्या घातल्या. तो कुमनजयी वॉकर. २७ मे २०२५ रोजी ॲलिस स्प्रिंग्जमधल्या एका सुपरमार्केटमध्ये २४ वर्षांच्या दुसऱ्या वार्लपिरी तरुणाला पोलिसांनी जमिनीवर दाबून धरलं आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. तो कुमनजयी व्हाइट. तोही युएंदुमूचाच. त्या आठवड्यात भारतातल्या एका ओळखीच्या उपसंपादकाने मला रात्री विचारलं, ‘हा तोच ना? आणि पहिलं नाव सारखं कसं, भाऊ आहेत का?’ त्याने मथळ्यात ‘कुमनजयीचा मृत्यू’ असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे ‘नाव न घेण्याजोग्याचा मृत्यू’. मी त्याला म्हटलं, ही दोन माणसं आहेत आणि कुमनजयी हे दोघांपैकी कुणाचंच जन्मनाव नाही. ‘मग खरं नाव काय?’ त्याचा पुढचा प्रश्न. हाच तो क्षण. माहिती शोधून काढायची आपल्या धंद्याची सगळी सवय इथे उसळून येते. जन्मनाव जुन्या कागदांत सापडतंही. सापडलं म्हणजे छापायचं नसतं. कुटुंब ज्या नावाने बोलतंय तेच नाव.

तुमच्या बातमीत एक वाक्य मात्र ठेवा : ‘कुमनजयी हे शोककाळात वापरलं जाणारं पर्यायी नाव आहे.’ एकच वाक्य, कंसात नाही, तळटीप नाही. मराठी वाचक तेवढ्यावर समजून घेतो.

दुसरा गोंधळ युनुपिंगु या नावाचा. २०१३ मध्ये योथू यिंडी बँडचे गायक आणि १९९२ चे ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ गेले, तेव्हा माध्यमांनी त्यांना ‘डॉ. युनुपिंगु’ म्हटलं. २०१७ मध्ये जन्मांध गायक गेला, त्याला ‘डॉ. जी. युनुपिंगु’. २०२३ मध्ये भूमी हक्कांचे ज्येष्ठ नेते, १९७८ चे ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ गेले, तेव्हा कुटुंबाने फक्त ‘युनुपिंगु’ म्हणा असं सांगितलं. तिघेही आर्नेम लँडच्या गुमाच कुळातले. एकाच्या मृत्युलेखात दुसऱ्याचा फोटो जायला आणखी काय हवं? पैकी २०१७ साली गेलेल्या गायकाचं नाव आणि छबी वापरायला कुटुंबाने पुढे परवानगी दिली. मी इथे तिघांचीही पहिली नावं लिहिलेली नाहीत. प्रत्येकाच्या बाबतीत आज ती लिहिलेली चालतील की नाही हे मी हा मजकूर लिहिताना विचारलेलं नाही, आणि इथे त्यांची गरजही नाही. एवढी साधी कसोटी आहे : गरज आहे का, आणि विचारलंय का.

म्हणजे नियम काय, हा पहिला प्रश्न. नाव छापू नये असा कायदा नाही. कोरोनर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी, किंवा न्यायालय एखाद्या प्रकरणात प्रसिद्धीबंदी घालू शकतं आणि ती मोडली तर गुन्हा होतो, पण तो वेगळा विषय. बाकी ही समाजाची रीत आहे, आणि इथल्या मोठ्या प्रसारण संस्थांनी ती आपापल्या संपादकीय धोरणात घेतली आहे. गंमत अशी, की सरकारी कागदांनाही हे जमलेलं आहे. कोठडीतल्या ॲबोरिजिनल मृत्यूंची चौकशी करायला १९८७ मध्ये रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्याने ९९ मृत्यू तपासले आणि १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. त्या ९९ पैकी काही अहवालांच्या शीर्षकातच नाव नाही. ‘११ एप्रिल १९८७ रोजी ऑरुकुन इथे मरण पावलेल्या तरुणाच्या मृत्यूची चौकशी’ असं लिहिलंय. पानंच्या पानं चौकशी, तारखा, साक्षी, सगळं आहे, नाव तेवढं नाही. ‘नावाशिवाय बातमी कशी होणार’ असं कुणी म्हटलं की मी हे शीर्षक सांगतो.

आता याच्या बरोब्बर उलटी बाजू. इथेच नवखा आणि मुरलेला पत्रकार वेगळे होतात.

नवखा माणूस रीत शिकतो आणि मग सगळीकडे लावतो. नाव नको, फोटो नको, व्हिडिओ तर नकोच. आदर म्हणजे गप्प बसणं. आणि तसं गप्प बसणं नेमकं कुणाच्या सोयीचं असतं, हे त्याच्या लक्षात येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात साउथ हेडलंड इथे ऑगस्ट २०१४ मध्ये २२ वर्षांच्या एका ॲबोरिजिनल तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. तिला पकडलं होतं ते न भरलेल्या दंडापोटी, रक्कम ३,६२२ डॉलर. मोडलेल्या बरगडीतून सुरू झालेला जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. ती दुखतंय म्हणत होती आणि पोलिसांना ती नाटक करतेय असं वाटत होतं. कुटुंबाच्या इच्छेनुसार माध्यमं तिला ‘मिस डू’ म्हणतात, पहिलं नाव घेत नाहीत. पण त्याच कुटुंबाने कोठडीतलं कॅमेऱ्याचं चित्रण जाहीर करा अशी मागणी लावून धरली. चित्रण प्रसिद्ध झालं तर घरच्यांना त्रास होईल ही काळजी अधिकाऱ्यांना होती, आणि घरचे म्हणत होते, दाखवा. डिसेंबर २०१६ मध्ये कोरोनरच्या निष्कर्षांबरोबर ते चित्रण खुलं झालं. पहिलं नाव नको, पण शेवटचे तास सगळ्यांनी बघा. हे विसंगत नाही. दोन्ही निर्णय एकाच घराचे आहेत, आणि दोन्ही त्यांचेच आहेत.

व्हिक्टोरियात टान्या डे यांच्या बाबतीत तर नावही कुटुंबानेच पुढे आणलं. त्या योर्टा योर्टा समाजाच्या, वय ५५. डिसेंबर २०१७ मध्ये रेल्वेत झोपल्या होत्या. सार्वजनिक ठिकाणी नशेत असल्याबद्दल त्यांना कॅसलमेन इथे उतरवून कोठडीत ठेवलं. तिथे पडून डोक्याला मार लागला आणि १७ दिवसांनी त्या गेल्या. त्यांच्या मुलांनी नाव, फोटो, कोठडीचं चित्रण, सगळं लोकांसमोर ठेवलं. त्यांचे मामा-काकांच्या पिढीतले एक नातलग रॉयल कमिशनच्या त्या ९९ मध्ये होते. व्हिक्टोरियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सार्वजनिक नशा हा गुन्हा राहू दिला नाही. मुलांनी आईचं नाव घेतलं नसतं तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. शहरांत आणि दक्षिण-पूर्वेकडे अशी कुटुंबं पुष्कळ भेटतील. २०२२ मध्ये गायक आर्ची रोच गेले, नंतर अभिनेते अंकल जॅक चार्ल्स गेले. दोघांच्याही घरच्यांनी नाव आणि छायाचित्र वापरायला स्वतःहून परवानगी दिली आणि तसं निवेदनात लिहिलं. अशा वेळी बातमीत ‘कुटुंबाच्या परवानगीने’ एवढे दोन शब्द लिहा आणि खुशाल पूर्ण नाव वापरा.

मग विचारायचं कुणाला? थेट घरी फोन लावू नका. कोठडीतला मृत्यू असेल तर कुटुंबाच्या वतीने बहुधा ॲबोरिजिनल कायदा सेवा संस्था बोलत असते, उत्तरेत ‘नाजा’, व्हिक्टोरियात ‘वॅल्स’. तिथल्या माध्यम अधिकाऱ्याला दोनच प्रश्न विचारा : कोणतं नाव वापरू, आणि कोणता फोटो. दूरच्या वस्तीतला मृत्यू असेल तर तिथली लँड कौन्सिल, म्हणजे ॲबोरिजिनल जमीनमालकांची प्रतिनिधी संस्था, किंवा स्थानिक ॲबोरिजिनल रेडिओ. ॲलिस स्प्रिंग्जची ‘कामा’ ही माध्यमसंस्था १९८० पासून हे काम करते आहे. ‘एनआयटीव्ही’ ही मूळ रहिवाशांची वाहिनी आणि ‘कूरी मेल’ हे त्यांचं वर्तमानपत्र या घडीला त्या माणसाला कोणत्या नावाने संबोधतायत ते आधी बघा. फोन लागलाच नाही तर तोवर ‘युएंदुमूचा १९ वर्षांचा वार्लपिरी तरुण’ एवढं पुरतं. बातमी अर्धा दिवस उशिरा गेली म्हणून मराठी वाचकाचं काही बिघडत नाही. आपण तशीही इथल्यांच्या मागूनच असतो.

आणि ‘कुटुंब’ म्हणजे फेसबुकवर पहिली पोस्ट टाकणारा चुलतभाऊ नव्हे. कुणाच्या मरणाबद्दल कुणी बोलायचं हे नात्यावर ठरतं, आणि कधी कधी सख्ख्या आईवडिलांपेक्षा दुसऱ्या कुणाकडे तो अधिकार असतो. पोस्टमधला फोटो ‘सार्वजनिक’ आहे म्हणून उचलणं हा तर आपल्याकडचाही जुनाच आजार. साताऱ्यात अपघाताच्या बातमीसाठी घरी जाऊन भिंतीवरचा फोटो काढून आणणारा मीच होतो, तेव्हा फार बोलत नाही.

छायाचित्रांबद्दल इथे इतका हळवेपणा का, याची एक जुनी बाजूही आहे. टास्मानियातल्या ट्रुगनिनी यांना आपल्या देहाचं प्रदर्शन होईल ही भीती होती. १८७६ मध्ये त्या गेल्या, आणि नेमकं तेच झालं. त्यांचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात १९४७ पर्यंत लोकांना बघायला ठेवलेला होता. दहन व्हायला १९७६ उजाडलं. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘शेवटची टास्मानियन’ म्हटलं, ते तर खोटंच, टास्मानियातले ॲबोरिजिनल लोक आजही आहेत. मेलेल्या ॲबोरिजिनल माणसाकडे बघण्याचा हक्क आपल्याला आहेच, असं गृहीत धरण्याची इथे जुनी सवय होती. तुमच्या फोटोला जेव्हा कुणी नाही म्हणतं तेव्हा ते फक्त तुमच्या फोटोला म्हणत नसतं.

आता सूचनेचं तंत्र. मराठी मजकुरावर ती कशाला, ॲबोरिजिनल वाचक थोडाच मराठी वाचणार आहे, असं म्हणाल. मजकूर नाही, पण फोटो भाषेशिवाय फिरतो. आणि इथे एक यांत्रिक घोळ आहे जो जवळपास सगळे करतात. सूचना लेखाच्या पहिल्या ओळीत असते. पण दुवा व्हॉट्सॲपवर टाकला की आधी दिसतं ते चौकोनी चित्र, आणि त्यात मृताचा चेहरा. सूचना वाचायला आत जावं लागतं, तोवर चेहरा बघून झालेला असतो. म्हणून परवानगी असली तरी ते बाहेर दिसणारं चित्र वेगळं ठेवा. वस्तीचा रस्ता, न्यायालयाची इमारत, काहीही. मी वापरतो तो मराठी मजकूर असा : ‘ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरील वाचकांसाठी : पुढील मजकुरात मृत व्यक्तीचं नाव व छायाचित्र आहे. दोन्ही कुटुंबाच्या परवानगीने वापरले आहेत.’ दुसरं वाक्य खरं असेल तरच पहिलं लिहायचं.

तिसरा प्रश्न शब्दांचा, आणि तो मला सगळ्यात जवळचा. इंग्रजी माध्यमांच्या पुस्तिका इथे आपल्या उपयोगाच्या नाहीत, कारण आपले खड्डे वेगळे आहेत.

‘आदिवासी’ लिहावं का? आपल्याकडे तो अपशब्द नाही. वारली, कातकरी, गोंड, भिल्ल समाज तो स्वाभिमानाने वापरतात. पण तो शब्द आला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मेळघाट, गडचिरोली, अनुसूचित जमातींची यादी, आश्रमशाळा उभी राहते आणि तो ऑस्ट्रेलियाची बातमी त्या चौकटीत वाचतो. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात स्वतःचं राजकारण आहे, तो तर टाळाच. मी ‘ॲबोरिजिनल’ लिहितो आणि शक्य तिथे नेमका समाज : वार्लपिरी, योल्ङू, नूंगार, योर्टा योर्टा. गोरे इथे आले तेव्हा अडीचशेहून अधिक भाषा होत्या. त्या सगळ्यांना एका शब्दात कोंबणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला ‘एक आशियाई’ म्हणणं. ‘आदिम जमात’, ‘टोळी’, ‘रानावनात राहणारे’ हे लिहिलंत तर मी उत्तर देत बसणार नाही.

मृत्यूसाठी आपल्याकडे शब्दांची उतरंड आहे आणि ती आपल्याला दिसतही नाही. प्रतिष्ठितांचं ‘निधन’ होतं, संतांचं ‘महानिर्वाण’, अपघातात माणसं ‘ठार’ होतात, रुग्ण ‘दगावतो’, आणि चकमकीत ‘खात्मा’ होतो. भारतीय पोलिसी बातम्यांची ही भाषा बोटांत इतकी मुरलेली असते, की ॲबोरिजिनल तरुणाच्या बातमीत ‘सराईत’, ‘पोलिसांशी झटापट’ हे आपोआप उमटतं. साधं ‘मृत्यू’ लिहा. ज्येष्ठांसाठी ‘निधन’ ठीक. पोलिसाच्या गोळीने गेलेल्या १९ वर्षांच्या मुलासाठी ‘निधन’ही नको, त्यात गोळी दिसत नाही. आणि नावाआधी ‘कै.’ तर अजिबात नको. त्या माणसाला कैलासात पाठवणारे आपण कोण? आपण घरच्याघरी मृतांच्या नावाला इतक्या सहज उपाधी लावतो, की ती एका विशिष्ट धर्माची आहे हे विसरूनच जातो.

‘कोठडीत मृत्यू’ हे शब्दही जपून. इथे ‘डेथ इन कस्टडी’ या संज्ञेत पोलीस पकडायचा प्रयत्न करत असताना झालेला मृत्यूही येतो. कुमनजयी व्हाइट कोठडीत नव्हता, दुकानाच्या फरशीवर होता. ‘पोलिसांच्या ताब्यात असताना’ हे बरोबर. आणि पहिल्या परिच्छेदात पोलिसांचं म्हणणं, आठव्यात कुटुंबाचं, ही मांडणी बदला. त्या प्रकरणातही पहिल्या बातम्यांत संशयित चोरीचा आरोप ठळक होता. त्यावर निकाल देणारं न्यायालय आता कधीच बसणार नाही, कारण आरोपीच नाही.

‘सॉरी बिझनेस’ हा शब्द तुम्हाला हमखास भेटेल. यंत्राने त्याचं ‘क्षमा व्यवसाय’ केलेलं मी छापून आलेलं पाहिलंय. ‘सॉरी’ इथे माफी नाही, शोक आहे, आणि ‘बिझनेस’ म्हणजे कार्य, आपण ‘दहाव्याचं कार्य’ म्हणतो तसं. ‘शोककार्य’ लिहा, पहिल्यांदा मूळ शब्दासकट. ते दिवसाचं काम नसतं. नातलग शेकडो किलोमीटरवरून येतात, दफनाला कधी कित्येक आठवडे लागतात. ‘अंत्यसंस्कार रखडले’ असं लिहू नका, काहीही रखडलेलं नसतं.

‘अंकल’ आणि ‘आंटी’ तसेच ठेवा. ती ज्येष्ठांसाठीची आदराची पदवी आहे. अंकल जॅक चार्ल्सचं ‘जॅककाका’ केलंत की वाचक विचारतो, कुणाचे काका? आणि वार्लपिरी माणसाच्या नावात जम्पिजिन्पा, नुंगारायी असं काही दिसलं तर ते आडनाव नव्हे. ती नात्यातली जागा आहे, पुरुषांची ज-ने सुरू होतात आणि बायकांची न-ने. दुसऱ्या उल्लेखात ‘जम्पिजिन्पा म्हणाले’ असं लिहिलंत तर तुम्ही अर्ध्या गावाला उद्धृत केलंत.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडच्या टोरेस स्ट्रेट बेटांचं वेगळं. तिथले लोक ॲबोरिजिनल नाहीत, त्यांची रीतही निराळी. दफनानंतर काही वर्षांनी समाधीचा दगड उघडण्याचा सोहळा होतो, त्यात नाच असतो, जेवणावळ असते, आणि मृताचं नाव त्या दगडावर कोरलेलं असतं. एडी मॅबो जानेवारी १९९२ मध्ये गेले. त्यांच्या नावाचा तो प्रसिद्ध भूमी हक्कांचा निकाल त्यानंतर जूनमध्ये आला. ३ जून १९९५ ला टाउन्सव्हिलमध्ये त्यांचा दगड उघडला आणि त्याच रात्री कुणीतरी कबरीची विटंबना केली. मग त्याच वर्षी त्यांना त्यांच्या मेर बेटावर नेऊन पुरलं. इथे नाव लपवलंत तर उलट अपमान होईल.

आत्महत्येची बातमी असेल तर पद्धत, जागा, चिठ्ठी यातलं काहीही नको, हे भारतातही शिकवतात. खाली इथली ॲबोरिजिनल मदतवाहिनी ‘थर्टीन यार्न’, क्रमांक १३ ९२ ७६, द्या, आणि वाचक भारतात असतील म्हणून ‘टेलि-मानस’ १४४१६ पण.

शेवटचं, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. बातमी गेली की फाइल बंद करू नका. प्रत्येक मृत्यूच्या नोंदीसमोर मी चार गोष्टी लिहून ठेवतो : कोणतं नाव वापरलं, कुणी हो म्हटलं, कोणत्या तारखेला, आणि पुन्हा कधी विचारायचं. कारण परवानगीला वय असतं. आज नको असलेलं नाव दोन वर्षांनी घरचेच परत वापरायला लागतात, किंवा आज दिलेला फोटो वर्षाने काढायला सांगतात. काढायला सांगितला तर त्याच दिवशी काढा, कारण विचारू नका. आणि चौकश्या फार लांबतात. युएंदुमूच्या त्या तरुणाच्या मृत्यूबाबत कोरोनरचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये यायचे होते. त्याआधीच, २७ मे रोजी, सुपरमार्केटमधला मृत्यू झाला, वस्ती पुन्हा शोकात गेली, आणि निष्कर्ष पुढे ढकलून ७ जुलैला युएंदुमूत वाचले गेले. गोळीबारापासून जवळपास पावणेसहा वर्षांनी. त्या दिवशी भारतातल्या तीन डेस्कनी २०१९ च्या फाइलमधला तोच फोटो, तेच शब्द उचलून लावले. मी आदल्या शुक्रवारी फोन करून विचारलं होतं, नाव तेच चालेल का. तेच चालेल, म्हणाले, पण फोटो आता दुसरा पाठवतो, तो वापरा.